सोनेरी बुद्ध कुणी घडवला?



आमच्या घरात देव्हारा नाही. आई त्या फळीला 'बुद्धाची जागा' म्हणते. तिथं वीस वर्षं प्लास्टरचा बुद्ध होता, नाकाचा टवका उडालेला. गेल्या महिन्यात एका मित्राने नेपाळातून वीतभर उंचीची सोनेरी मूर्ती आणली. आख्खी गल्ली बघून गेली. शेजारच्या आत्याने एवढंच विचारलं, "कुणी घडवला रं ह्यो?"

त्याचं उत्तर पाटणला सापडतं. पाटण म्हणजे काठमांडूच्या खोऱ्यातलं ललितपूर. तिथं ओकुबहालच्या आसपास नेवार शाक्यांची घरं पिढ्यान् पिढ्या बुद्ध ओततात. आधी मेणाची मूर्ती करायची, तिच्यावर मातीचे थर चढवायचे, वाळवायचे. मग तापवून मेण बाहेर काढायचं आणि त्या पोकळीत वितळलेलं तांबं ओतायचं. साचा फोडल्याशिवाय मूर्ती बाहेर येत नाही, म्हणून एका साच्यातून एकच बुद्ध. पुढे छिन्नीचं काम, तेच सगळ्यात लांब. शेवटी सोनं. सोनं पाऱ्यात कालवून तांब्यावर फासतात आणि आगीवर धरतात. पारा उडतो, सोनं तांब्याला धरून राहतं. उडालेला पारा कुठे जातो? कारागिराच्या छातीत जातो. हे विष मज्जातंतूंना लागलं की हात कापायला लागतात. ज्या हातांनी पापणी कोरायची, तेच हात!

ही कला मोठी, यात वाद नाही. १२६० साली ह्याच खोऱ्यातला अरनिको कारागिरांची टोळी घेऊन तिबेटात गेला, पुढे कुबलाई खानाच्या दरबारात पोचला. पण मला दुसरंच खुपतं. पाटणच्या बहालांत संघाचं सभासदत्व जन्मावर ठरत आलं. शाक्य आणि वज्राचार्य यांची पोरं चार दिवस चीवर नेसतात, मग संसारात परततात, आणि संघाचे होतात. रस्ता झाडणाऱ्या पोड्याच्या पोराला तिथं जागा नव्हती. बुद्धाच्या दारात जात! १८५४ च्या मुलुकी ऐनाने तर नेपाळभरची उतरंड कायद्यातच बसवली. हिंदू घरात जन्मलेल्या महाप्रज्ञांनी चीवर घेतलं, तर राणा सरकारने १९२६ साली त्यांना साथीदारांसकट देशाबाहेर हाकललं. धर्म बदलणं म्हणजे गुन्हा! कायद्याच्या कागदावरची अस्पृश्यता १९६३ साली गेली.

त्याच काठमांडूला बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला गेले. नागपूरच्या दीक्षेला जेमतेम महिना झाला होता. त्याआधी २५ डिसेंबर १९५४ ला त्यांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती देहूरोडला बसवली होती. ती आपल्या वस्तीत बसली, तिच्यापुढं कुणाचा जन्म विचारला नाही.

हे सगळं मी आत्याला माझ्या परीने सांगितलं. अरनिको तिच्या डोक्यावरून गेला. पाऱ्याचं मात्र तिने नीट ऐकलं. मूर्तीच्या गालावरून बोट फिरवत म्हणाली, "मग त्या बाबाचं हात आता कसं हायती?"

मित्राला विचारलं. त्याने दुकानातून घेतली होती, कारागीर पाहिलाच नव्हता. प्लास्टरचा बुद्ध आईने हलवला नाही. दोघं शेजारी शेजारी आहेत.