होडी शाकारणे

पाताळगंगेच्या काठी, आपटा येथे राहणाऱ्या माझ्या एका मित्राने काही वर्षांपूर्वी जुनी वॉटर स्कूटर विकत घेतली. मे महिन्याच्या अखेरीस तो तिची माहितीपुस्तिका घेऊन माझ्याकडे आला. ‘हिवाळ्यासाठी यान कसे ठेवावे’ असे त्यात एक मोठे प्रकरण होते. इंजिनात पाण्याचा थेंबही राहू देऊ नका, असे त्यात बजावले होते. पाणी गोठताना सुमारे ९ टक्क्यांनी प्रसरण पावते आणि धातूची नळीसुद्धा फोडते, हे आपण वर्गात शिकवतोच. पण आपट्याची पाताळगंगा कधी गोठणार? मित्राने विचारले, “मग हे प्रकरण मी वाचायचे की फाडून टाकायचे?”

मी म्हणालो, वाच. फक्त हिवाळ्याच्या जागी पावसाळा घाल. ही अदलाबदल काही माझी नव्हे. सोळाव्या-सतराव्या शतकांत या किनाऱ्यावर आलेले पोर्तुगीज व इतर युरोपीय लोक आपल्या पावसाळ्याला चक्क हिवाळा म्हणत. कारण उघड आहे. जहाज बाहेर काढायचे नाही, नांगरून किंवा ओढून ठेवायचे, तो काळ म्हणजे त्यांच्या मते हिवाळा. मग थंडी पडो वा न पडो!

आपल्याकडे या कामाला सुंदर शब्द आहे : शाकारणे. घराचे छप्पर पावसाळ्यापूर्वी शाकारतात, तशी होडीही शाकारतात. ती भरतीच्या रेषेच्या वर ओढायची, खाली ओंडके देऊन जमिनीपासून उचलायची आणि वर झापांचे आच्छादन घालायचे. यातल्या प्रत्येक कृतीमागे कारण आहे. लाकूड तंतूंच्या आडव्या दिशेने बरेच आकसते, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. म्हणून उन्हात ठेवलेल्या होडीच्या फळ्यांमधल्या फटी रुंदावतात. उलट लाकूड सतत ओले राहिले आणि हवा खेळली नाही, तर बुरशी ते कुजवते. सावली हवी आणि वाराही हवा. पावसाळ्याची दमट हवा फळ्यांना फार आकसू देत नाही, ही त्यातल्या त्यात सोय.

पण लाकडी जहाजाचा खरा वैरी पाण्यातच असतो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो किडा नव्हे. शिंपल्यांचा भाऊबंद असलेला मृदुकाय प्राणी आहे. आपल्या शिंपल्यांच्या धारेने तो लाकडात बोगदा खोदतो आणि ते पचवायला त्याच्या कल्ल्यांतले जिवाणू विकरे पुरवतात. बाहेरून फळी धड दिसते, आत चाळण झालेली असते. ब्रिटिश आरमाराने १७६१ मध्ये ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचा पत्रा ठोकून पाहिला, तो याच प्राण्याच्या धास्तीने. पूर्वेकडच्या नाखव्यांचा उपाय स्वस्त होता. तेराव्या शतकाच्या अखेरीस या समुद्रांतून प्रवास केलेल्या मार्को पोलोने हिंदुस्थानच्या व्यापारातील जहाजांचे वर्णन करताना चुना, बारीक कापलेला ताग आणि झाडाचे तेल कुटून केलेल्या लेपाची नोंद केली आहे.

एका होडीचे ठीक. सबंध आरमार शाकारायचे असेल तर? कल्याण-भिवंडी घेतल्यानंतर शिवाजी महाराजांनी आरमाराची उभारणी सुरू केली आणि हा प्रश्न राज्याचा झाला. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावे असलेल्या, अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील आज्ञापत्रात त्याचे उत्तर आहे. समुद्र खवळण्याच्या काही दिवस आधीच आरमार छावणीला न्यावे. उघड्या बंदरात ठेवू नये, सुरक्षित खाडी पाहावी. आणि दर वर्षी बंदर बदलावे, कारण एकाच ठिकाणी खलाशांचा तळ पडला तर मुलखाला उपद्रव होतो. चार महिने रिकामे बसलेले खलाशी काय करतील, याचा विचार करणारा हा लेखक मला फार आवडतो.

असा निवारा आजही पाहता येतो. विजयदुर्गापासून साधारण तीन किलोमीटर आत, वाघोटण खाडीच्या काठी गिर्ये येथे खडकात कोरलेली गोदी आहे : सुमारे ३५५ फूट लांब, २२७ फूट रुंद. जवळच्या चिखलाच्या खाचेत मराठ्यांची गलबते बांधली जात आणि नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून आसऱ्यालाही ठेवली जात, असे जुन्या गॅझेटियरमध्ये म्हटले आहे. मात्र जहाजे एकत्र ठेवण्यात धोकाही असतो. फेब्रुवारी १७५६ मध्ये याच विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांची जहाजे एकमेकांलगत उभी होती. इंग्रजांचा एक गोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला, आग पसरली आणि सारे आरमार जळाले.

आज्ञापत्राचा भर संरक्षणावर आहे. पण खाडीत आत जाण्याचा दुसराही लाभ होता. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. पावसाळ्यात नदीला पूर आला की खाडीचे पाणी गोडे होत जाते, आणि बहुतेक जहाजकिड्यांना ते मानवत नाही. काही आठवडे ते बिळाचे तोंड बंद करून तग धरतात, पुढे मरतात. नकाशात पाताळगंगा पाहा. खाली धरमतरची खाडी, मग खारपाडा (नावातच खार आहे), आणि त्याच्या वर आपटा. शिवाय १९१५ पासून खोपोलीच्या वीजकेंद्रातून सुटणारे घाटमाथ्यावरचे पाणीही याच नदीत येते.

मित्राच्या स्कूटरला अर्थात जहाजकिड्याचे भय नाही, ती फायबरची. तिचा वैरी मीठ. पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या बरणीतले मीठ ओलसर होते, तसेच इंजिनाच्या कोपऱ्यात सुकलेले समुद्राचे मीठही हवेतले बाष्प ओढून घेते, आणि त्या खारट ओलाव्यात धातू गंजतो. म्हणून आम्ही आधी ती गोड्या पाण्याने आतून-बाहेरून धुतली, पाणी पूर्ण निथळू दिले, बॅटरी काढून घरात ठेवली, आणि तिला ओंडक्यांवर चढवून वरून ताडपत्री बांधली. ताडपत्री त्याने चारी बाजूंनी घट्ट आवळली होती. ती मी खालून वीतभर सोडायला लावली.