मोटारगाडीची पहिली वाटदुरुस्ती

मोटारगाडी कोणीं शोधून काढली, या प्रश्नाला शाळेंतला मुलगाहि कार्ल बेंझ असें उत्तर देतो. जर्मनींतील मानहाइम शहरीं राहणाऱ्या या यंत्रज्ञानें २९ जानेवारी १८८६ रोजीं आपल्या तीनचाकी गाडीच्या पेटंटासाठीं अर्ज केला. परंतु गाडी बांधणें निराळें आणि ती वाटेंत बंद पडली असतां पुन्हां चालती करणें निराळें. या दुसऱ्या विद्येचा इतिहास कार्लच्या पत्नीपासून सुरू करावा लागतो.

बर्था बेंझबाईंचा जीव या गाडींत गुंतला होता तो केवळ पतीची म्हणून नव्हे. लग्नाआधींच त्यांनीं आपल्या हुंड्याचा पैसा कार्लच्या कारखान्यांत घातलेला होता. पेटंट घेऊन दोन वर्षें लोटलीं, तरी गिऱ्हाईक फारसें फिरकेना. हें यंत्र गांवाच्या चार रस्त्यांपलीकडे जाऊं शकेल, यावर लोकांचा भरंवसा नव्हता. आणि कार्ल तर एक सुधारणा झाली कीं दुसरी हातीं घेत बसणारा!

ऑगस्ट १८८८ मध्यें एके दिवशीं पहाटे, पति झोपेंत असतांना, बाईंनीं ऑयगेन व रिखार्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन गाडी बाहेर काढली आणि माहेरचा, म्हणजे फोर्झहाइमचा रस्ता धरला. अंतर सुमारें १०६ किलोमीटर, आणि रस्ते घोडागाड्यांचे. कुटुंबाच्या आठवणींवरून या प्रवासाची जी हकीकत सांगण्यांत येते, ती बारकाईनें पाहिली तर मोटारीचें एकेक अंग आपोआप उलगडत जातें.

प्रथम इंधन. गाडीला निराळी टांकी नव्हती. जें कांहीं इंधन असे तें कार्ब्युरेटरमध्येंच. तें संपत आलें तेव्हां वीसलोख गांवच्या औषधांच्या दुकानांत बाईंनीं लिग्रॉइन मागितलें. कपड्यांवरचे डाग काढण्यासाठीं लोक तें नेत असत. तेथें त्यांनीं दुकानांतला सारा सांठा उचलला, आणि तें दुकान जगांतील पहिला पेट्रोलपंप म्हणून नांवाजलें गेलें. पुढें इंधनाची नळी तुंबली. बाईंनीं टोपीची लांब टांचणी काढून नळींतली घाण मोकळी केली. इंधनांतील कचरा वाटेंतच अडविण्यासाठीं आज प्रत्येक गाडींत जी गाळणी असते, तिचें काम त्या दिवशीं टांचणीनें केलें.

ठिणगीचीहि तीच कथा. विजेच्या तारेचें आवरण झिजून ती गाडीच्या लोखंडास टेकूं लागली, कीं वीज भलत्याच वाटेनें निघून जाते आणि सिलिंडरमधील वायूला ठिणगी मिळत नाहीं. बाईंनीं मोज्याचा बंद तारेभोंवतीं गुंडाळला आणि गाडी चालू झाली.

सर्वांत मोठी कटकट पाण्याची होती. सिलिंडर थंड ठेवण्यासाठीं त्याच्याभोंवतीं पाणी असे, आणि तें वाफ होऊन उडून जाई. आजच्यासारखें तेंच पाणी पुन्हां थंड करून फिरविणारें रेडिएटर नव्हतें. म्हणून वाटेंत विहीर दिसो कीं ओढा, मुलांनीं पाणी आणावें आणि भरावें. ब्रुखझाल येथें सांखळी लोहाराकडून नीट करून घेतली. चढावर गाडी दमली कीं खालीं उतरून ढकलावी लागे. आणि उतारावर लांकडी ब्रेक घासून घासून निकामी झाले. बाउश्लोट गांवीं बाईंनीं चांभाराला बोलावून त्या लांकडांवर चामडें ठोकून घेतलें. ब्रेकच्या झिजणाऱ्या अस्तराची कल्पना ती हीच.

सायंकाळीं तिघें फोर्झहाइमला पोहोंचलीं आणि कार्लला तार गेली. परत आल्यावर बाईंनीं चढाची तक्रार केली, तेव्हां कार्लनें गाडींत आणखी एक गिअर बसविला. कारखान्यांत जें ध्यानीं येत नाहीं, तें रस्ता एका दिवसांत दाखवितो. बेंझसारख्या हुशार माणसासहि तें दुसऱ्याकडून समजलें.

पुढें वीस वर्षांनीं अमेरिकेंत हेन्री फोर्डची मॉडेल टी निघाली. १९०८ ते १९२७ या काळांत या गाड्या दीड कोटींहून अधिक झाल्या, आणि शेतकऱ्याच्या हातींहि मोटार आली. हिच्या इंजिनांत तेल किती आहे तें पाहावयाचें तर गाडीखालीं जाऊन दोन तोट्या उघडाव्या लागत. खालच्या तोटींतून तेल आलें आणि वरच्या तोटींतून आलें नाहीं, तर पातळी ठीक! पेट्रोल टांकींतून केवळ आपल्या वजनानेंच उतरत असल्यामुळें पेट्रोल कमी असतां उभा चढ गाडी उलटी करून चढावा लागे. गाडी चालू करण्यासाठीं हँडल मारावें लागे, आणि त्याआधीं ठिणगीची वेळ मागें घेण्यास विसरला, तर हँडल उलटें फिरून मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाडींत बसला, तेव्हां मोटार हें केवळ दंडाच्या जोराचें काम उरलें नाहीं.

त्यानंतर हळूहळू मोटारीचें सारें यंत्र झांकलें गेलें. त्यांत सोय झाली खरी, पण मालकाची यंत्राशीं असलेली ओळखहि तुटली. आज टोपण उघडून तेलाची पट्टी पाहणारा मालक विरळा. इंजिन गरम असतां रेडिएटरचें झांकण उघडलें तर उकळतें पाणी अंगावर येतें, हें मॉडेल टीच्या शेतकऱ्याला कोणी सांगावें लागत नव्हतें. ब्रेकच्या तेलाचें तर अनेकांस नांवहि ठाऊक नसतें. तें तेल हवेंतला दमटपणा शोषून घेतें. मग लांब उतारावर ब्रेक तापले म्हणजे त्यांत वाफेचे बुडबुडे होतात. पाय खालीं जातो, पण जोर चाकापर्यंत पोहोंचत नाहीं. म्हणून गाडी नीट चालत असली तरी ठराविक मुदतीनें तें बदलावें लागतें.

बर्थाबाई १९४४ सालीं, पंचाण्णव वर्षें पुरीं करून वारल्या. त्यांच्या त्या वाटेला २००८ सालीं त्यांचेंच नांव मिळालें. आतां विजेच्या मोटारी आल्या आहेत. त्यांना इंजिनाचें तेल नाहीं, ठिणगी नाहीं, पेट्रोलची नळी नाहीं. वेग कमी करण्याचें बरेंचसें काम त्यांची मोटरच करते. त्यामुळें ब्रेक फार थोडे लागतात, आणि कांहीं गाड्यांत ते झिजून नव्हे, तर न वापरल्यामुळें गंजून बिघडतात.