लखोट्याची साक्ष

कुलूप आणि मोहोर हीं दोन्ही एकाच कामाचीं साधनें होत, असा सामान्य समज आहे; परंतु थोडा विचार केला असतां त्यांची जातच निराळी आहे असें दिसून येईल. कुलूप हा पहारेकरी आहे. मोहोर ही साक्षीदार आहे. लाखेचा थेंब लहान मूलही नखानें उडवूं शकेल. तो कोणास अडविण्यासाठीं लावलेलाच नसतो. कोणी हात घातलाच, तर ती गोष्ट मागाहून धन्यास कळावी, एवढेंच त्याचें काम. परंतु हें एवढेंसें काम साधणें किती कठीण आहे, आणि तें न साधल्यास केवढा अनर्थ ओढवतो, हें इतिहासांत पाहण्यासारखें आहे.

सुमारें चार हजार वर्षांपूर्वीं अश्शूर नगराचे व्यापारी हल्लींच्या तुर्कस्तानांतील कानेश येथें वसाहत करून राहत. त्यांचे करारमदार मातीच्या लहान फलकांवर लिहिले जात. करार लिहून झाला कीं फलकाभोंवतीं मातीचेंच पातळ वेष्टन चढवीत, त्यावर कराराचा मजकूर पुन्हा लिहीत, आणि संबंधितांच्या मुद्रा उमटवीत. पुढें तंटा निघालाच तर वेष्टन फोडून आंतला मजकूर पाहावयाचा. बाहेरचा आंकडा कोणीं बदलला तरी आंतला अबाधित. आणि आंत हात घालावयाचा तर वेष्टन फोडल्यावांचून गत्यंतर नाहीं.

आमच्याकडे कौटिल्यानें जकातीच्या प्रकरणांत या विषयाचा जो विचार केला आहे तो फार मार्मिक आहे. मालावर मुद्राच नसेल तर देय जकातीच्या दुप्पट दंड. मुद्रा फुटलेली असेल तर व्यापाऱ्यास थांबवून ठेवण्याची शिक्षा. परंतु मुद्रा खोटी असेल तर दंड जकातीच्या आठपट! साक्षीदार नसणें हा एक अपराध, पण खोटा साक्षीदार उभा करणें हा त्याहून कितीतरी मोठा अपराध, हें तत्त्व त्या अर्थशास्त्रकारानें बरोबर ओळखलें होतें. विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षस’ नाटकाची तर सारी उभारणीच यावर आहे. राक्षसाची अंगठी चाणक्याच्या हातीं पडते, आणि मुद्रा खरी पण पत्र खोटें असा प्रकार होऊन राक्षसाचा सर्व डाव उधळतो. त्याच नाटकाच्या पांचव्या अंकांत मलयकेतु हातीं आलेलें पत्र मुद्रेला धक्का न लावतां उघडावयास सांगतो. मोहोर न मोडतां लखोटा उघडण्याची विद्या त्या काळींही अपरिचित नव्हती, असाच याचा अर्थ.

मराठ्यांच्या दप्तरांतील कागदांवर हीच सावधगिरी निराळ्या रूपानें आढळते. शिवछत्रपतींच्या पत्रांच्या शिरोभागीं मुद्रा, आणि मजकूर संपतो तेथें ‘मर्यादेयं विराजते’ असें मोर्तब असे. मर्यादा येथें संपली. याच्या खालीं एक अक्षर दिसलें तरी तें परक्याचें समजावें, असा त्याचा भावार्थ. ‘शिक्कामोर्तब होणें’ हा शब्दप्रयोग आज आपण सहज तोंडांतून काढतों. त्याच्या मुळाशीं लबाडीचें हें भय आहे.

मोहोर फोडणाऱ्यांची कला मात्र युरोपांत विशेष वाढीस लागली. सोळाव्या शतकापासून तेथें पत्रें बंद करण्यास हिंदुस्थानची लाख जाऊं लागली, आणि पाठोपाठ ती लाख न दुखवतां पत्र वाचणाऱ्या कचेऱ्याही निघाल्या. अठराव्या शतकांत व्हिएन्ना येथील अशी कचेरी परराष्ट्रीय वकिलांचीं पत्रें पहांटे उघडी, नकला करी, आणि पुन्हा मोहोर करून सकाळच्या टपालीं रवाना करी. मोहोरेचा ठसा घेऊन तिची प्रतिमोहोर करणें हा तेथील नित्याचा व्यवहार होता.

या कलेला सर्वांत नामुष्कीचा प्रसंग आला तो लंडन येथें, १८४४ सालीं. इटलीचा देशभक्त मॅझिनी तेव्हां तेथें परागंदा होऊन राहिला होता. (महाराष्ट्रास त्याचें नांव नवें नाहीं, सावरकरांनीं त्याच्या लिखाणाचा केलेला मराठी अनुवाद १९०७ सालीं प्रसिद्ध झाला.) त्याच्या पत्रांवर टपालाच्या वेळेचे दोन दोन छाप येऊं लागले. पहिल्या छापावर दुसरा उमटवून मधला विलंब झांकावयाचा, असा तो प्रकार दिसत होता. मॅझिनीस संशय आला. परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. तेव्हां त्यानें स्नेह्यांकडून स्वतःच्याच नांवें पत्रें टाकविलीं, आणि पाकिटांत खसखशीचे दाणे, वाळूचे कण व केस घालविले. पत्रें आलीं, मोहोरा शाबूत होत्या. आंत खसखस मात्र नव्हती!

१४ जून रोजीं टॉमस डंकूम यानें हें गाऱ्हाणें पार्लमेंटापुढें मांडलें. चौकशींत उघडकीस आलें कीं, गृहमंत्री सर जेम्स ग्रॅहॅम याच्या हुकमावरून १ मार्चपासून ३ जूनपर्यंत मॅझिनीचीं पत्रें उघडण्यांत येत होतीं, आणि त्यांतील माहिती ऑस्ट्रियाच्या कानावर घालण्यांत आली होती. त्याच जुलैंत मॅझिनीशीं पत्रव्यवहार असलेले बांदिएरा बंधु कॅलाब्रियांत उठाव करूं जातांना पकडले जाऊन साथीदारांसह गोळ्यांनीं मारले गेले. त्यांच्या मरणास पत्रांतली ही माहिती कितपत कारण झाली, याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहेत. परंतु लोकक्षोभ विलक्षण झाला. कार्लाईलनें ‘टाइम्स’ पत्रांत मॅझिनीची बाजू घेतली, ‘पंच’नें गृहमंत्र्याची टर उडविली, आणि टपालखात्यांतील ती गुप्त कचेरी त्याच सालीं बंद झाली. सरकारच्या सर्व यंत्रणेवर मूठभर खसखशीनें मात केली, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

खसखशीला जें साधलें तें लाखेला कां साधलें नाहीं? लाख उघडणाऱ्यास दिसत होती. म्हणून त्यानें ती पूर्ववत् केली. खसखस साक्षीस बसली आहे हें त्यास ठाऊकच नव्हतें. परंतु या युक्तीची मर्यादाही उघड आहे. पाठविणारा आणि घेणारा यांच्यांत आधीं संकेत असेल तरच ती चालते. ज्या ठिकाणीं देणारा आणि घेणारा एकमेकांस ओळखतही नाहींत, त्या बाजारांत काय करावें?

हा प्रश्न १९८२ सालीं अमेरिकेंत सात माणसांचे बळी घेऊन पुढें आला. त्या सप्टेंबरच्या अखेरीस शिकागो व आसपासच्या भागांत टायलेनॉल नांवाच्या वेदनाशामक औषधाच्या कॅप्सुला घेतलेलीं सात माणसें मरण पावलीं. कोणीं तरी कॅप्सुलांत सायनाइड भरून बाटल्या दुकानांत ठेविल्या होत्या. उघडून पुन्हा लावलेल्या बाटलीवर त्याची कांहींच खूण राहत नव्हती. कॅप्सूल तर दोन तुकड्यांचीच, सहज उघडणारी. कंपनीनें सुमारें तीन कोटि दहा लक्ष बाटल्या परत मागविल्या. त्या खुनांबद्दल आजवर कोणासही शिक्षा झालेली नाहीं. नोव्हेंबरांत अमेरिकन सरकारनें नियम केला कीं, दुकानांत मांडून विकावयाच्या अशा औषधांच्या वेष्टनास, तें उघडल्यास ग्राहकाच्या डोळ्यांस दिसेल असा अडसर असलाच पाहिजे. तो सहज मिळणाऱ्या साहित्यांतून पुन्हा बनवितां येऊं नये, आणि काय पाहावयाचें हें वेष्टनावर छापलेलें असावें. बाटलीच्या तोंडावर चिकटविलेला पत्रा, झांकणाभोंवतीं घट्ट बसविलेली छापील पापुद्र्याची पट्टी, पिळतांच तुटणारें कडें, हीं सर्व त्याच घराण्यांतलीं. येथें साक्षीदार लपलेला नाहीं. सर्वांस दिसतो, परंतु एकदां मोडला कीं कोणासही जोडतां येत नाहीं. मॅझिनीच्या युक्तीच्या उलट बाजूनें गांठलेलें हें तेंच ध्येय.

या नियमाच्या नांवाचा इतिहास आम्हांस विशेष बोधप्रद वाटतो. आरंभीं अशा वेष्टनास ‘हस्तक्षेपरोधक’ अशा अर्थाचें नांव होतें. १९९८ सालीं तें बदलून ‘हस्तक्षेपदर्शक’ अशा अर्थाचें करण्यांत आलें. वेष्टन हें पहारेकरी नव्हे, साक्षीदार आहे, हें कबूल करावयास कायद्यास सोळा वर्षें लागलीं.

परंतु साक्षीदार कितीही सच्चा असला तरी विचारल्यावांचून तो बोलत नाहीं. कानेशच्या न्यायाधीशानें वेष्टन पाहिलें, कौटिल्याच्या जकातदारानें मुद्रा तपासली, मॅझिनीनें पाकीट झटकून दाणे शोधले. म्हणून त्या साक्षी उपयोगीं पडल्या. आपल्या घरांत औषधाची बाटली येते, तेव्हां तिच्या गळ्याभोंवतींचें कडें आपण पाहतों कीं बोलतां बोलतां पिळून टाकतों, याचा प्रत्येक कुटुंबानें विचार करावा. कारखानदारानें साक्षीदार धाडला आहे. त्याची साक्ष घेणें हें काम मात्र त्यास करतां येत नाहीं.