अमेरिकेतील वृद्धांचा पूरक आरोग्यविमा : राज्यांची सत्ता आणि संघशासनाचा कायदा

विमा हा आंतरराज्यीय व्यापार नव्हे, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने इ. स. १८६९ मध्ये दिला आणि विमा कंपन्यांवरील देखरेख राज्यांकडेच राहिली. १९४४ मध्ये त्याच न्यायालयाने हे मत फिरविले. तथापि पुढच्याच वर्षी काँग्रेसने मॅकॅरन-फर्ग्युसन कायदा करून राज्यांचा अधिकार कायम राखला. वृद्धांच्या खाजगी आरोग्यविम्यासंबंधीच्या कायद्यांतील अनेक विसंगतींचे मूळ या तडजोडीत आहे.

जुलै १९६६ मध्ये ‘मेडिकेअर’ योजना अमलात आली. ६५ वर्षांवरील नागरिकांच्या औषधोपचाराचा मोठा भार शासनाने उचलला, सर्व भार मात्र नव्हे. रुग्णालयाच्या खर्चातील पहिले ४० डॉलर, डॉक्टरांच्या आकारणीतील वर्षाचे पहिले ५० डॉलर आणि उरलेल्या मान्य रकमेचा पाचवा हिस्सा रुग्णालाच द्यावा लागे. ही उणीव भरून काढणारे विमे कंपन्या विकू लागल्या. त्यांच्या शर्ती इतक्या भिन्न आणि दुर्बोध असत की, भयापोटी एकाच जोखमीसाठी अनेक विमे घेणारे वृद्ध थोडे नव्हते. १९७८ मध्ये क्लॉड पेपर यांच्या अध्यक्षतेखालील प्रतिनिधिगृहाच्या समितीने या विक्रीतील गैरप्रकारांची चौकशी केली.

सिनेटर मॅक्स बॉकस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या १९८० च्या दुरुस्तीने काही किमान निकष घालून दिले. वैयक्तिक विम्याच्या हप्त्यांपैकी निदान ६० टक्के रक्कम भरपाईच्या रूपाने परत जाणे अपेक्षित धरले गेले. परंतु ही अपेक्षाच होती. अंमलबजावणी राज्यांकडे होती. जाणूनबुजून दुबार विमा विकणे गुन्हा ठरला खरा, पण ग्राहकाजवळ दुसरा विमा असल्याचे ठाऊक नव्हते, ही सबब विक्रेत्याला मोकळी राहिली.

१९९० च्या कायद्याने ही पळवाट बुजविली. ग्राहकाकडून पूर्वीच्या विम्यासंबंधी लेखी निवेदन घेणे बंधनकारक झाले; परताव्याचे प्रमाण ६५ टक्के झाले आणि ते न गाठणाऱ्या कंपनीवर फरक परत करण्याची जबाबदारी आली. १९९२ पासून ‘ए’ ते ‘जे’ अशा दहाच ठराविक योजना विकता येऊ लागल्या. एका अक्षराच्या योजनेत लाभ तेच, मग कंपनी कोणतीही असो. त्यामुळे ग्राहकाला केवळ किंमत पाहून निवड करता येऊ लागली. लक्षणीय गोष्ट अशी की, या योजना संघशासनाच्या खात्याने नव्हे, राज्यांच्या विमा-अधिकाऱ्यांच्या संघटनेने आखल्या. स्वतःची प्रमाण-योजना आधीच असलेली मॅसॅच्युसेट्स, मिनेसोटा व विस्कॉन्सिन ही राज्ये यातून वगळली गेली.

मात्र विमा मिळण्याचा प्रश्न या कायद्याने अर्धाच सोडविला. ६५ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती मेडिकेअरच्या वैद्यकीय भागात दाखल झाल्यापासून सहा महिने कंपनीला तिला आजाराच्या कारणाने नाकारता येत नाही. ही मुदत उलटल्यावर, काही अपवादात्मक प्रसंग सोडल्यास, संघीय कायद्याचे संरक्षण संपते. न्यूयॉर्क व कनेक्टिकट या राज्यांनी मात्र ते वर्षभर खुले ठेवले आहे. तेथील वृद्ध हृदयविकारानंतरही विमा मागू शकतो. या सोयीचा बोजा अर्थातच सर्वांच्या हप्त्यांवर पडतो. बहुतेक अन्य राज्यांत मुदत चुकलेल्या वृद्धाच्या अर्जाचा निकाल कंपनी त्याच्या प्रकृतीचा इतिहास पाहून लावते.