फुलीच्या सहीमागची मुलगी

रीळ फिरवता फिरवता तुमचा हात थांबतो.

ओटावातल्या 'लायब्ररी अँड आर्काइव्हज कॅनडा'च्या वाचनालयात तुम्ही सकाळपासून बसला आहात. पडद्यावरून अप्पर कॅनडातले, म्हणजे आजच्या दक्षिण ऑन्टारिओतले, जमिनीसाठी केलेले जुने अर्ज सरकताहेत. समोरचा कागद १७९७ सालचा आहे. मजकूर लिहिणारा सराईत, अक्षर घोटीव. तळाशी मात्र बाईचं नाव आणि तिचं सासरचं आडनाव यांच्या मधोमध एक फुली आहे. फुलीचा एक पाय लांब गेलाय, टोकाला शाई साकळली आहे. टाक धरायची सवय नसलेल्या हाताने तो जरा जास्तच दाबला असणार. फुलीच्या वर-खाली बारीक अक्षरात लिहिलंय, 'तिची निशाणी'.

या बाईला मी नाव देत नाही. असे अर्ज ढिगांनी आहेत आणि ती त्यांतली कुणीही असू शकते. तुम्हाला तिच्यापर्यंत जायचंय, आणि वंशावळ शोधणाऱ्याची वाट कायम उलटी असते. त्या फुलीवर बोट ठेवा.

काच गार लागते. मग बोटाखाली काच उरत नाही, रंधा न मारलेलं लाकूड लागतं.

ऑन्टारिओ सरोवराच्या ईशान्य टोकाला, क्विंटीच्या उपसागरावर, ॲडॉल्फसटाऊन नावाची वस्ती. दंडाधिकाऱ्याच्या घरात शेकोटी पेटली आहे आणि तुमच्या शेजारी एकवीस वर्षांची बाई उभी आहे. तिचे तळहात राख चोळल्यासारखे भेगाळलेले. दंडाधिकारी वाचून दाखवतो: अर्जदार ही अमक्याची मुलगी, तमक्याची बायको, आजवर तिने सरकारकडून जमीन घेतलेली नाही, तरी तिला दोनशे एकर मिळावेत. वर मायना पीटर रसेल यांच्या नावाचा आहे. गव्हर्नर सिम्को इंग्लंडला परतल्यापासून कारभार रसेल बघतात. ती शपथ घेते. मग टाक घेते आणि फुली मारते. तोच लांब पाय, तोच शाईचा ठिपका.

घरी कुलवृत्तांताचा जाड ग्रंथ असलेल्या माणसाला इथे थबकायला होतं. त्या ग्रंथांत वंश मुलाकडून मुलाकडे जातो; लेकीचं नाव आलंच तर ती कोणत्या घराण्यात दिली एवढ्यापुरतं. इथे एका शेतकऱ्याच्या निरक्षर मुलीचं स्वतःचं नाव, वडिलांचं आणि नवऱ्याचं, तिन्ही एका वाक्यात गुंफली आहेत. लॉयलिस्ट, म्हणजे इंग्लंडच्या राजाशी इमान राखलेल्या, घराण्यांचा माग काढणारे मुलींच्या अर्जांवर इतका जीव का टाकतात ते यामुळे. माहेर आणि सासर जोडणारा दुसरा कागद पुष्कळदा नसतोच. चर्च दूर, पाद्री कमी, घरातलं बायबल ओलं झालेलं नाहीतर जळालेलं.

पण तिचं नाव कुणी प्रेमापोटी टिपून ठेवलेलं नाही. ते आलं दोनशे एकरांमुळे. आठ वर्षं मागे चला.

९ नोव्हेंबर १७८९, क्वेबेक. गव्हर्नर लॉर्ड डॉर्चेस्टर परिषदेत बसले आहेत. अमेरिकेतल्या तेरा वसाहती उठल्या तेव्हा जे तिसऱ्या जॉर्जच्या झेंड्याखाली राहिले आणि युद्ध हरल्यावर घरदार टाकून उत्तरेला आले, त्या लॉयलिस्टांचा मान राखायचा म्हणून ठराव होतोय. १७८३ च्या तहाआधी जे राजाच्या बाजूला आले, त्यांची नोंदवही ठेवायची. त्यांच्या मुलांना एकवीस पूर्ण झाल्यावर आणि मुलींना एकवीस झाल्यावर किंवा लग्न होताच दोनशे एकर द्यायचे. साम्राज्याची एकी जपली म्हणून या लोकांच्या नावापुढे 'यू. ई.' ही दोन अक्षरं लागतील. या खोलीत कुणाच्याही डोक्यात वंशशास्त्र नाही, पण त्यासाठी लागणारा सगळा ऐवज इथेच तयार होतो आहे.

याच डॉर्चेस्टरांना पुढे तुम्ही पुन्हा भेटणार आहात. तेव्हा ते नुसते सर गाय कार्लटन असतील.

त्या नोंदवहीला पुढे यू. ई. यादी म्हणू लागले. ती स्वच्छ नाही. नावासमोर 'वगळले', मग 'पुन्हा घेतले', कुठे 'स्थगित' असे शेरे आहेत. जमीन फुकट मिळते म्हटल्यावर १७९० नंतर अमेरिकेतून खूपजण आले आणि आम्हीही राजनिष्ठच होतो असं सांगू लागले. शेजारी शेजाऱ्यासाठी शपथ घेऊ लागला. तुम्ही शोधणारे असाल तर एवढं लक्षात ठेवा: यादीत नाव आहे म्हणजे तो माणूस लढलाच असं नाही, आणि नाव खोडलंय म्हणजे तो खोटा होता असंही नाही. मी तरी यादीपेक्षा पलटणीच्या हजेरीपटावर आणि शिध्याच्या वहीवर जास्त भरवसा ठेवेन. पोटाचा हिशेब सरकार काटेकोर ठेवत होतं.

पोटावरून आठवलं. १७८८-८९ चा हिवाळा फार थांबून बघू नका, बघवणार नाही. सरकारी शिधा बंद झालाय, पीक बुडालंय. माणसं बासवूडच्या झाडाचे कोंब, रानातले कंद, कोंडा उकडून खाताहेत. एकच हाडूक या घरून त्या घरी फिरायचं आणि प्रत्येक घर ते पुन्हा उकळायचं, अशी आठवण या काठावर पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. लोक याला 'भुकेचं वर्ष' म्हणतात. बाराएक वर्षांची एक पोरगी बर्फ उकरून काहीतरी शोधते आहे. तुम्ही तिला ओळखलंत. पुढे चला, म्हणजे मागे.

१६ जून १७८४. उन्हं आली आहेत आणि डासांनी हवा काळी झाली आहे. सपाट तळाच्या होड्या एका लहान खाडीत शिरतात. कॅप्टन पीटर व्हॅन ॲल्स्टाइन यांच्याबरोबर न्यूयॉर्कहून निघालेली ही माणसं. अख्खा हिवाळा यांनी सोरेलच्या छावणीत काढला. वस्तीला अजून नाव नाही, नुसता आकडा: चौथी. हिच्यासह आसपासच्या वस्त्यांना पुढे राजाच्या लेकरांची नावं मिळतील आणि ही राजपुत्र ॲडॉल्फसच्या नावाने ओळखली जाईल. उतरल्यावर थोड्याच दिवसांत एक लहान मूल दगावतं आणि त्याला झाडाखाली पुरतात. गावाची दफनभूमी तिथून सुरू होते.

मोजणीदार टोपीत चिठ्ठ्या टाकतो. प्रत्येक चिठ्ठीवर जमिनीच्या तुकड्याचा आकडा. कुटुंबप्रमुखाला शंभर एकर आणि घरातल्या प्रत्येक माणसामागे पन्नास. म्हणजे माणसं मोजणं आलंच. तुम्ही कारकुनाच्या खांद्यावरून डोकवा. वहीत उभे रकाने आहेत: पुरुष, बायका, दहा वर्षांवरची मुलं, दहाच्या आतली, नोकर. बापाचं नाव पूर्ण लिहिलंय. त्याच्या पुढे बायकोबद्दल '१'. पुढे एक '२', आणखी एक '१'. तुम्ही जिच्यासाठी आलात ती या आकड्यांत कुठेतरी आहे. आठ वर्षांची, अनवाणी, एक पाय दुसऱ्या पोटरीवर घासत डास मारणारी. ती तुमच्या समोर आहे आणि वहीत नाही.

शेवटच्या रकान्यावरही नजर टाका. 'नोकर' या शब्दाखाली काहीजण पगारी आहेत आणि काहीजण विकत घेतलेले गुलाम. राजाशी इमान राखणाऱ्यांनी आपली काळी माणसं मालमत्ता म्हणून सोबत आणली होती. अप्पर कॅनडाने १७९३ मध्ये नवे गुलाम आणायला बंदी केली, पण आधी आणलेल्यांतला एकही त्या कायद्याने मोकळा झाला नाही.

आणि ही जमीन? ती कुणाची? होडीत बसून आठ महिने मागे जा. ऑक्टोबर १७८३ मध्ये इंग्रज सरकारच्या वतीने कॅप्टन क्रॉफर्डने इथल्या मूळच्या मिसिसॉगा लोकांच्या प्रमुखांशी बोलणी करून हा काठ घेतला. मोबदला असा ठरला: सर्व कुटुंबांना कपडे, ज्यांच्याकडे नाहीत त्यांना बंदुका, हिवाळ्याच्या शिकारीपुरती दारू आणि गोळ्या, डझनभर कोट होतील एवढं लाल जाडंभरडं कापड आणि तेवढ्याच किनार लावलेल्या टोप्या. तुम्ही त्या कापडाच्या गठ्ठ्याला हात लावून बघता, खरखरीत आहे. इथे कुठलाच कारकून रकाने आखून बसलेला नाही. चौथ्या वस्तीत सगळ्यांत जुनी असलेली कुटुंबं या दप्तरात आकडा म्हणूनही येत नाहीत.

आता शेवटचा टप्पा.

बुधवार, ३ सप्टेंबर १७८३, न्यूयॉर्क. मासळी, डांबर आणि घोड्यांच्या लिदीचा वास. आज पॅरिसमध्ये तहावर सह्या होताहेत. इथे ती बातमी पोचायला कित्येक आठवडे लागतील. पण युद्ध संपलंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी यॉर्कटाऊनला इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला तेव्हाच ते संपलं. हाच कॉर्नवॉलिस अजून तीन वर्षांनी गव्हर्नर जनरल होऊन कलकत्त्याला उतरेल आणि पुढे टिपूवर चालून जाईल तेव्हा पुण्याच्या फौजा त्याच्या जोडीला असतील. इथे मात्र इंग्रजांच्या हातात हे एकच मोठं बंदर उरलंय आणि पळून आलेली माणसं त्यात दाटली आहेत.

पर्ल स्ट्रीटवर सॅम्युअल फ्रॉन्सेसची खानावळ आहे. दर बुधवारी इथे इंग्रज आणि अमेरिकन अधिकारी समोरासमोर बसतात. दारात काळ्या माणसांची रांग आहे. इंग्रजांनी युद्धात जाहीर केलं होतं की बंडखोर मालकाला सोडून आमच्याकडे येईल तो गुलाम मोकळा. आता जुने मालक 'माल' परत मागायला आले आहेत आणि तहाचं सातवं कलम त्यांच्या बाजूचं आहे. सरसेनापती सर गाय कार्लटन म्हणतात, आम्ही ज्यांना स्वातंत्र्य दिलं त्यांना परत करणार नाही. मात्र प्रत्येकाची नोंद ठेवतो, म्हणजे उद्या भरपाई द्यायची वेळ आलीच तर हिशेब सापडेल.

त्या नोंदवहीत तीन हजार माणसं आहेत: १३३६ पुरुष, ९१४ बायका, ७५० मुलं. तुम्ही पानं उलटता. हॅरी वॉशिंग्टन, वय ४३, जहाज 'लाबोंदांस', पूर्वी जनरल वॉशिंग्टनच्या मालकीचा. डेबोरा, वय २०, तोंडावर देवीचे व्रण, तीही वॉशिंग्टनच्या घरची; चार वर्षांपूर्वी निघून आली असं लिहिलंय. वॉशिंग्टनच्या कारभाऱ्याच्या यादीप्रमाणे मात्र ती १७८१ मध्ये इंग्रजांच्या जहाजावर चढली. दोन वर्षांचा हा फरक बघून शोधणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. भीतीने वाढवून सांगितलं का तिने? जितकी जुनी मोकळी तितकी सुरक्षित, असं तिला वाटलं असेल का?

आणि मग तुमच्या लक्षात येतं की इथे रकाने भरलेले आहेत. नाव, वय, बांधा, व्रण, मालक कोण, गाव कोणतं, कधी पळाली. तान्ह्या बाळाचीही नोंद आहे. गोऱ्या शेतकऱ्याच्या मुलीचं नाव कुणी लिहिलं नाही, कारण तिच्यावर कुणाचा दावा नव्हता. डेबोराचं लिहिलं, कारण तिच्यावर होता. आज नोव्हा स्कोशियातल्या काळ्या घराण्यांना आपले पूर्वज नावानिशी सापडतात ते या वहीत, ती ज्या कारणासाठी लिहिली गेली त्या कारणासकट. ब्रिगेडियर जनरल बर्च यांनी सही करून दिलेले स्वातंत्र्याचे दाखले घेऊन यांच्यातले खूपजण नोव्हा स्कोशियात उतरले आणि वसवलेल्या गावाला त्यांनी बर्चटाऊन म्हटलं. कबूल केलेली जमीन बहुतेकांना मिळाली नाही, नाहीतर खडकाळ तुकडा मिळाला. जानेवारी १७९२ मध्ये जवळजवळ बाराशे जण हॅलिफॅक्सहून पंधरा जहाजांत बसून आफ्रिकेला, सिएरा लिओनला गेले. हॅरी वॉशिंग्टन त्यांच्यात होता.

बाहेर या. धक्क्यावर व्हॅन ॲल्स्टाइन यांच्या माणसांची बोचकी चढताहेत: घडवंची, लोखंडी किटली, गुंडाळलेली गादी, चरख्याचं चाक. एक बाई चाकाला धरून उभी आहे, तिच्या झग्याला सात वर्षांची मुलगी लगटून आहे. मुलगी आईकडे बघत नाहीये. खानावळीतून एक काळी बाई कागद छातीशी धरून येते आहे, तिच्याकडे ती टक लावून बघते आहे. काळ्या बाईने कागदाची घडी उघडली, पुन्हा बघितली, पुन्हा घातली. दोघींची नजरानजर होते. मुलगी हसते.

तुम्ही मुलीजवळ जाऊन गुडघ्यावर बसता. चौदा वर्षांनी ज्या हाताने ती फुली मारणार आहे तो हात आईच्या झग्यात मुठीने गुंतलाय. नाव विचारायला तुम्ही तोंड उघडता, पण इथे तुमचा आवाज कुणाला ऐकू जात नाही.

कारकून बापाचं नाव विचारतो, ते सावकाश लिहितो. मग मान न उचलता बोटाने मोजतो.

"बायको, एक. दहाच्या आतली मुलगी, एक."

आणि टाक पुढच्या कुटुंबाकडे वळतो.