घरबांधणीतील मातीची धूप व गाळ : जोयडा तालुका

उतारावर घर बांधताना झाडोरा निघतो, डोंगर तोडून सपाटी केली जाते आणि उघडी पडलेली माती पावसाबरोबर खालच्या ओढ्यात, भातखाचरात किंवा जलाशयात जाऊन बसते. उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा तालुका सह्याद्रीत वसला असून तेथील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. त्यामुळे हा प्रश्न तेथे बिकट होतो. काळी नदीचा उगम याच तालुक्यात डिग्गी येथे आहे. तिच्यावरील १०१ मी. उंचीच्या सुपा धरणाच्या पाण्याखाली सुपा हे जुने तालुक्याचे गाव गेले आणि जोयडा हे मुख्य ठाणे झाले. अलीकडे गणेशगुडीच्या आसपास पर्यटकांसाठी होमस्टे व रिसॉर्टची बांधकामे होतात.

येथे बऱ्याच ठिकाणी वर टणक जांभा आणि त्याखाली शेडी, म्हणजे मऊ चिकणमातीचा थर आढळतो. जांभ्याचे कवच शाबूत आहे तोवर शेडी सुरक्षित राहते. जेसीबीने उभा काप घेतला की ती उघडी पडते, पाणी पिऊन जड होते आणि ढासळते. ऑगस्ट २०१८ मध्ये कोडगू जिल्ह्यात अतिवृष्टीने दरडी कोसळल्या, तेव्हा घरे व रस्त्यांसाठी तोडलेले उतार हे त्यामागचे एक कारण ठरले.

थेंबांच्या माऱ्याने कण सुटतात, सालकाढी धूप सुरू होते, पुढे ओघळ आणि घळी पडतात. छपराचे पाणी एकाच जागी सोडल्यास ओघळ पहिल्याच पावसात दिसतो. जाड वाळूचा कण स्थिर पाण्यात मीटरभर खाली बसायला मिनिटही घेत नाही, तर ०.००२ मिमी. व्यासाच्या चिकणकणाला तीन दिवसांहून अधिक काळ लागतो. म्हणून गाळखड्डा वाळू अडवतो, पण शेडीचे गढूळ पाणी त्यातून सरळ ओढ्यात जाते. माती सुटल्यावर पकडण्यापेक्षा ती जागीच धरणे, हाच खरा उपाय.

त्यासाठी खोदकाम पावसाळा सरल्यावर काढून मेअखेर उरकावे आणि लागेल तेवढीच जमीन मोकळी करावी. वरच्या अंगाने चर खणून डोंगराचे पाणी प्लॉटबाहेर वळवणे हे पहिले काम. घरमालक नेमके तेच शेवटी ठेवतात. मातीचे ढीग ताडपत्रीने आणि उघडे उतार भाताच्या पेंढ्याने किंवा काथ्याच्या जाळीने झाकावेत. कडेला वाळा लावल्यास त्याची खोल मुळे माती बांधतात. दगडी गडग्यातून पाणी आपोआप झिरपते. सिमेंटच्या भिंतीला मात्र निचऱ्याची भोके व मागे खडीचा थर हवाच, नाहीतर साचलेल्या पाण्याच्या दाबाने भिंतच पुढे येते.

अमेरिकेत एक एकर किंवा त्याहून अधिक जमीन उकरणाऱ्या बांधकामाला गाळ रोखण्याच्या अटींसह परवाना घ्यावा लागतो. भारतात २००६च्या अधिसूचनेनुसार इमारतींना पर्यावरणीय मंजुरी साधारणतः २०,००० चौ. मी. बांधकामापासून पुढे लागते. एकेकटे घर किंवा होमस्टे त्यात येत नाही. तेव्हा बांधकामाला परवानगी देतानाच चर, निचरा आणि उतार झाकण्याची अट स्थानिक पातळीवर घातली जाणे अगत्याचे आहे.