पडद्यावरची दहा मिनिटे आणि खरे सहा दिवस

‘के-१९: द विडोमेकर’ हा २००२ साली आलेला चित्रपट बऱ्याच शिक्षकांनी पाहिला असेल. सोव्हिएत पाणबुडीच्या अणुभट्टीची शीतन यंत्रणा निकामी होते. दोन-दोन खलाशी दहा मिनिटांच्या पाळीने आत जाऊन पाण्याची पर्यायी नळी जोडतात. बाहेर येतात तेव्हा त्यांचे चेहरे लालभडक झालेले असतात, कातडीवर फोड आलेले असतात, उलट्या थांबत नसतात. पाहणारा हादरतो. आम्हीही हादरलो. पण नंतर एक प्रश्न पडला : किरणोत्सर्ग माणसाला असा दहा मिनिटांत भाजून काढतो का?

मूळ घटना खरी आहे. ४ जुलै १९६१ रोजी उत्तर अटलांटिक महासागरात के-१९ पाणबुडीवर हा अपघात झाला. पर्यायी शीतन यंत्रणा बसवलेलीच नव्हती. खलाशांनी ती जागच्या जागी तयार केली आणि अणुभट्टी वाचवली. पाणबुडीवरचे आठ जण मात्र पुढच्या तीन आठवड्यांत दगावले. त्यांतला पहिला मृत्यू सहा दिवसांनी झाला. चित्रपटाने या दिवसांचीच मिनिटे केली आहेत.

यामागचे विज्ञान समजण्यासाठी एक छोटे गणित करू. किरणोत्सर्गाची शोषलेली मात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक ग्रे म्हणजे शरीराच्या दर किलोग्रॅममागे एक जूल ऊर्जा. सर्वांगाला सुमारे ४ ग्रे मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर निम्मी माणसे दगावू शकतात. ६० किलो वजनाच्या माणसात ही ऊर्जा भरते २४० जूल. तिने शरीराचे तापमान वाढते अंशाच्या जेमतेम हजाराव्या भागाने! चमचाभर गरम चहातून याहून जास्त उष्णता पोटात जाते. म्हणजे हे भाजणे उष्णतेचे नव्हे.

मग घात होतो कसा? गामा किरण पेशींतील रेणूंचे आयनीभवन करतात आणि डीएनएचे धागे तुटतात. अशी पेशी बहुधा लगेच मरत नाही. विभाजनाची वेळ आली की मरते. म्हणून ज्या पेशी सतत विभागत असतात त्यांना पहिला फटका बसतो : अस्थिमज्जा, आतड्याचे अस्तर, केसांची मुळे. रक्तात आधीच असलेल्या बऱ्याच पेशी काही दिवस काम करत राहतात, पण त्यांच्या जागी नव्या येत नाहीत. कारखाना बंद पडला तरी गोदामातला माल संपेपर्यंत दुकान चालू राहावे, तसेच हे.

त्यामुळे या आजाराला टप्पे असतात. आधी काही तासांत मळमळ व उलट्या. मग त्या थांबतात, रोग्याला बरे वाटू लागते. मात्रा कमी असेल तर ही उसंत दोन-तीन आठवड्यांचीही असते. त्यानंतर ताप, रक्तस्राव, जंतुसंसर्ग, केस गळणे. मात्रा जितकी मोठी तितकी उसंत छोटी. के-१९वरच्या काहींना मिळालेली मात्रा प्रचंड होती. म्हणून लगेच होणाऱ्या उलट्या आणि काही तासांत येणारी लाली यांत दिग्दर्शिकेची फारशी चूक नाही. फोड मात्र उशिरा येतात. आणि पडद्यावर सर्वांत कमी दिसते ती मधली फसवी उसंत.

उपचारांचा इतिहासही याच काळातला. १९५८ साली युगोस्लाव्हियातील विंचा येथे अणुभट्टीच्या अपघातात सहा जण सापडले. पॅरिसमध्ये डॉ. जॉर्ज माते यांनी त्यांतील पाच जणांना दात्यांची अस्थिमज्जा दिली. सहांपैकी एक दगावला. के-१९च्या काही रुग्णांवरही लेनिनग्राडमध्ये असे उपचार झाले आणि काही वाचले. पण गुप्ततेसाठी कागदोपत्री निदान लिहिले गेले ते मज्जासंस्थेच्या दुर्बलतेचे. चित्रपटाने आजाराची वेळ बदलली. सरकारने नावच बदलले!

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. ब्राझीलमधील गोइयानिया शहराकडे पाहा. सप्टेंबर १९८७ मध्ये एका ओस पडलेल्या दवाखान्यातून सीझियम-१३७ असलेले यंत्र दोघांनी भंगारासाठी काढून नेले. त्यांना उलट्या झाल्या. खाण्यातून काही बाधले असावे, असे निदान झाले. खरे कारण कळेपर्यंत दोन आठवडे गेले. चमकणारी निळी पूड घरोघर पोहोचली होती. २४९ जण दूषित झाले, चार मेले. मृतांत सहा वर्षांची एक मुलगी होती. तिच्या दफनाच्या वेळी घाबरलेल्या जमावाने दगड फेकले. २०१० साली दिल्लीच्या मायापुरी भंगारबाजारातही कोबाल्ट-६०मुळे एकाचा बळी गेला.

भंगाराची दुकाने आपल्या प्रत्येक गावात आहेत आणि तिथे काम करणाऱ्यांची मुले आपल्याच वर्गात बसतात. फोड दिसले तरच किरणोत्सर्ग, ही पडद्यावरची समजूत त्यांना महागात पडू शकते. दुसरी समजूत स्पर्शाची. क्ष-किरण फोटो काढून आल्यावर आपण जसे किरणोत्सारी होत नाही, तसाच बाहेरून गामा किरण लागलेला रुग्णही होत नाही. अंगावर किंवा पोटात किरणोत्सारी पूड गेली असेल तर गोष्ट वेगळी. तिथे खबरदारी हवी, दगड नव्हेत.

तेव्हा चित्रपट जरूर दाखवावा. त्या खलाशांचे धैर्य पाहण्यासारखेच आहे. फक्त दाखवून झाल्यावर फळ्यावर दोन आडव्या रेषा काढाव्यात. एकीवर पडद्यावरचा काळ मांडावा, दुसरीवर शरीरातला. आणि दुसऱ्या रेषेवर रोग्याला बरे वाटते त्या जागी मोठी खूण करावी. डॉक्टरकडे जायला हवे ते तेव्हाच.